कोरडी जागा

चांगल्या भिंगावर एक थर दिलेला असतो. भिंग तिरपं धरलं की त्यावर जांभळट-हिरवी झाक सरकते. गिऱ्हाईक बोटानं पुसून बघतं, विचारतं, हे काय लागलंय? मन्मथ सांगतो, लागलेलं नाही, दिलेलं आहे.

*

येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येला, आंबिलीचं बिंदगं, म्हणजे मडकं, डोक्यावर घेऊन शेतात जायचं. पालेभाज्या-शेंगांची भज्जी खायची, आंबील प्यायची, उरलेली शेताच्या चारी अंगांना शिंपडायची. ज्याचं शेत त्यानं शिंपडायची. ज्या शेतात येळवशीला कुणी फिरकलं नाही ते शेत वर्षभर रुसतं, असं थोरली काकू, शिवकांताकाकू, म्हणायची.

*

आपल्यात, लिंगायतांत, माणसाला बसवून पुरतात. मांडी घालून, डाव्या तळहातावर लिंग. म्हणून खड्डा खोल लागतो.

*

वरच्या मजल्यावर राहणारी माणसं स्वभावानं वाईट नसतात.

*

मुरूम काढलेल्या खड्ड्यात काय भरलं हे कुणी विचारत नाही. भरला का, एवढंच विचारतात.

*

सकाळी गॅसच्या ओट्यासमोरच्या फरशीवर मन्मथनं पाय दिला आणि सांध्यातून पाणी वर आलं. चूळभर. अंगठ्याला लागलं ते कोमट होतं. जानेवारीतली नांदेडची सकाळ, बादलीत हात घालवत नाही, आणि हे पाणी कोमट, कुणाच्या तरी तोंडातून आल्यासारखं. त्यानं पाय उचलला, पाणी आत गेलं. पाय दिला, पाणी वर. असं तो बराच वेळ करत राहिला असावा, कारण चहाचं आधण उतू गेलं आणि शिल्पा दारात येऊन उभी राहिली तेव्हा तो चोरी पकडल्यासारखा थांबला. "वरच्यांचं आहे," शिल्पा म्हणाली. "त्यांच्या न्हाणीतलं. दिवाळीपासून सांगतेय, भिंतीला पोपडे धरलेत. लोकांच्या घरात पाणी सोडायचं आणि आपण गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत उभं राहायचं. लाज कशी वाटत नाही म्हणते मी." मन्मथ म्हणाला, "माहीत नसेल त्यांना." "मग सांग जाऊन. आजच सांग. काकूंचा तिसरा दिवस करून आल्यापासून नुसता बसून राहिलास. दुकानही उघडलं नाहीस." तो गॅस पुसायला लागला. वरच्यांना माहीत नसेल. न्हाणीखाली एक खोलगट जागा सोडलेली असते, ती विटांच्या तुकड्यांनी भरतात, वरून फरशी बसवतात. फ्लॅट घेतला तेव्हा मिस्त्रीनंच हे दाखवलं होतं. वरची फरशी स्वच्छ, कोरडी, पाय ठेवावासा वाटेल अशी. एक बारीक भेग असली की पाणी तिच्यातून उतरतं, विटांच्या तुकड्यांत मुरतं, साठतं, काही दिसत नाही, महिनोन् महिने काहीच दिसत नाही, मग त्याला कडेची भिंत सापडते. तोवर वरचा माणूस रोज आंघोळ करून, गंध लावून कामाला जात असतो.

अहमदपूरच्या अलीकडे, डांबरी रस्ता सोडून आत गेलं की त्यांचं गाव. वाटण्या झाल्या तेव्हा मन्मथच्या वडिलांना वरचा माळ आला आणि थोरल्या काकांना खालची काळी. मधे एक बांध. माळावर कुसळं आणि मुरूम, पाऊस पडला की पाणी माळावरून सरळ घसरत ओढ्याला जायचं, खालच्या काळीला वळसा घालून. वडील गेल्यावर माळ मन्मथचा झाला, म्हणजे सात-बारावर त्याचं नाव लागलं. तो नांदेडला चष्म्याच्या दुकानात. मग रस्ता रुंद करायचं काम निघालं आणि गुत्तेदाराचा माणूस दुकानात आला, काचेच्या कपाटातला काळा चष्मा काढून डोळ्यांवर लावला, आरशात स्वतःला बघत म्हणाला, तुमच्या माळात मुरूम चांगला आहे साहेब, आम्ही काढून घेतो, जागा परत सपाट करून देतो. पोकलेननं महिनाभर माळ उपसला. खाली काळा खडक लागला, बकेटचे दात खडकावर वाजायला लागले, तेव्हा थांबले. पावसाळ्यात खड्डा भरला, तळं झालं, कुणाची तरी म्हैस पडली, ग्रामपंचायतीनं बुजवा म्हणून सांगितलं. गुत्तेदारानं बुजवला. जुन्या रस्त्याचं खरवडलेलं डांबर, मोडलेल्या नाल्यांचे तुकडे, सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या. टिप्पर ओढ्याच्या अंगानं यायचे आणि उलटे होऊन ओकायचे. मन्मथ एकदाच बघायला गेला. उन्हात डांबराचे गठ्ठे मऊ झाले होते, वास येत होता. त्याला वाटलं होतं, वरून गाळ पडणारच आहे. आणि पडला. तलावाचा गाळ, हातभर जाडीचा, काळाभोर. गावातली माणसं बांधावर उभी राहून म्हणाली, माळाची काळी झाली की रे. त्या वर्षी मन्मथनं मोबाईलवर त्या शेताचा फोटो ठेवला होता. फोन उघडला की आधी ते दिसायचं. सपाट, ओलसर, दगड नसलेलं. दुकानात कुणी विचारलं तर तो म्हणायचा, आमचं शेत.

नंतरचा उन्हाळा. वैजनाथचा, म्हणजे त्याच्या चुलतभावाचा फोन. मागं काकूचा आवाज, दे इकडं, मला बोलू दे. "मन्मथ, आरं हिरीला पानी हाय! चैत सरला तरी हाय. तुझ्या शेतानं दिलं बघ." ती सगळ्या गावाला हेच सांगत सुटली होती. पाऊस आता माळावरून घसरत नव्हता, बुजवलेल्या खड्ड्यात उतरत होता, खाली खडकाची परात, परात भरली की काठावरून बांधाखालून वैजनाथकडे. पहिल्या वर्षी ते विहिरीत आलं. पुढच्या वर्षी शेतात. पाऊस संपून महिने झाले तरी पायाखाली लचलच. तूर उभी पिवळी पडली, हरभरा उगवलाच नाही, माती वाळली की वर पांढरं फुटायचं. चिबडली म्हणतात तशी जमीन. विहिरीच्या पाण्याला वास. वैजनाथ कधी भांडला नाही. एकदाच म्हणाला होता, "दादा, एकदा येऊन बघ म्हनतो मी." मन्मथ गेला, बघितलं, दोघं ओढ्याच्या अंगाला उभे राहिले, तिथला भराव उंच होता, टिप्पर तिथूनच रिकामे झाल्यामुळे. इथून एक चर फोडली की पाणी ओढ्याला लागेल, मन्मथ म्हणाला. बाकीच्या बाजूंना दुसऱ्यांची शेतं होती, चर काढायची तर तिथूनच. दिवाळी झाली की काढू. दिवाळीत दुकानाला गर्दी असते. दिवाळीनंतर पोकलेन मिळेना. पोकलेन मिळेना हे खरं होतं. हेही खरं होतं की चर फोडली असती तर आतलं सगळं बांधावर येऊन पडलं असतं, गावानं बघितलं असतं, आणि फोनवरचा तो फोटो. यंदा येळवशीला तो गेला नाही. दुकान बंद ठेवता येत नाही म्हणाला. येळवशीला निम्मं नांदेड बंद असतं, निम्म्या गल्लीला कुलूप लावून माणसं शेतात गेलेली असतात. तो शटर अर्धं खाली ओढून आत बसला होता, भिंगं पुसत.

शिल्पा पोळ्या लाटत होती, त्या फरशीवर पाय न ठेवता. "गेलास का वर?" "जातो."

काकू गेली ती झोपेत. मन्मथ पोचला तेव्हा तिला भिंतीशी बसवलं होतं, कपाळभर विभूती, मान दोरीनं खुंटीला आवळलेली, गळ्यात झेंडू. भजनाची माणसं आली होती, टाळ किणकिणत होते. तो पाया पडायला वाकला आणि तिची पावलं बघितली. बोटांच्या बेचक्यांत पांढरी, ओली, कुरतडलेली कातडी. चिखल्या. आषाढात होतात त्या. तिच्या पावलांवर डोकं टेकलेलं असताना मागं कुणी बाई दुसरीला म्हणाली, "ह्या दिसांत चिखल्या, बाई?"

खड्डा खालच्या शेतात, थोरल्या काकांच्या समाधीला लागून खणायला घेतला होता. ती जागा काकूनं स्वतः सांगून ठेवली होती, यांच्या उजव्या हाताला मला बसवा. चार माणसं आळीपाळीनं खणत होती. मन्मथ बांधावर, बूट घालून. आणि खड्ड्यातून आवाज आला: "पानी लागलं!"

हा आवाज त्याच्या कानातून जात नाही. आनंदाचा होता तो. आत उतरलेल्या माणसाला विसर पडला होता आपण काय खणतोय त्याचा. आयुष्यभर त्यानं दुसऱ्यांच्या विहिरी खणल्या असतील, आणि इकडे हे दोन शब्द दुसऱ्या कुठल्या आवाजात म्हणायची कुणाला सवयच नाही. बांधावरची माणसं धावली. कुणी तरी हसलं सुद्धा. मग एकजण म्हणाला, "आमच्यात बोअर पाडून पाडून नुसता धुरळा निघाला, अन् इथं वैजूच्या अव्वाला खड्डा खनला तर गंगा!" "पुन्यवान बाई. जाता जाता बी पानी दाखवून गेली." बायकांनी हात जोडले. एकीनं हळदकुंकू टाकलं. पाणी गुडघ्याला आलं होतं आणि त्यातून थंडीमुळे बारीक वाफ निघत होती. कोमट असणार. कुंकू पाण्यावर पसरलं आणि त्याच्या कडेनं मन्मथला ती झाक दिसली. जांभळट, मग हिरवट, सरकत जाणारी. त्यानं मान थोडी तिरपी केली, सवयीनं, दुकानात करतो तशी. दिलेली नाही, लागलेली. वैजनाथनं खाली वाकून पाण्यात बोट बुडवलं, नाकाशी नेलं, पँटला पुसलं. मन्मथकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं असं मन्मथला आता वाटतं. तेव्हा त्याला वाटलं, बरं झालं.

विहिरीवरची मोटर आणून लावली. खड्डा रिकामा झाला, पाइप गुरगुरत असतानाच चारी अंगांनी पुन्हा पाझरायला लागला. दोनदा केलं. जंगमस्वामी खड्ड्याच्या काठाशी येऊन म्हणाले, "चिखलात बसवता येत न्हाई बाबा. हातात लिंग हाय तिच्या. कोरडी जागा बघा." वैजनाथ थोडा वेळ आपल्याच शेताकडे बघत राहिला. कुठे बघणार, सगळीकडे तेच. मग तो बांधाजवळ आला, वर न बघता म्हणाला, "दादा, तुझ्या वरच्या तुकड्यात, वड्याच्या अंगाला, कोरडं हाय. खनू का?"

"विचारतोस काय वैजू," मन्मथ म्हणाला. आवाज चांगला निघाला. भरून आल्यासारखा. आणि माणसं म्हणाली, भाऊ असावा तर असा. चुलतीला स्वतःच्या रानात जागा दिली. आजकाल कोन देतो? एका म्हाताऱ्यानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. सदऱ्याखाली ती जागा अजून वेगळी लागते.

हातभर गाळ सहज निघाला. मग टिकाव खडखडला. डांबराचा गठ्ठा. सिमेंटची पिशवी, दगड होऊन बसलेली. एक चप्पल. नाल्याच्या पाइपचा तुकडा, किलोमीटरच्या दगडाचा पिवळा कोपरा, तारा. खणणारे आधी बाजूला ठेवत होते, मग फेकायला लागले, खड्ड्याच्या काठावर ढीग झाला, आणि सगळं गाव ढिगाकडे बघत उभं. टाळ थांबले होते. तेवढ्यात काकूची धाकटी बहीण, रुक्मिणबाई, मुरुडहून आलेली, बायकांतून पुढे आली. "आरं ही माती हाय का उकिरडा? माझ्या बहिनीला डांबरात बसवता का रे?" कुणाला म्हणाली? तिला माहीत नव्हतं हे शेत कुणाचं. ती वैजनाथला म्हणत होती. आपल्या भाच्याला. आणि वैजनाथनं ऐकून घेतलं. "मावशी, उन्हात थांबू नको, सरक तिकडं," एवढंच म्हणाला. मन्मथचं तोंड उघडलं होतं. माझं आहे, हे माझं आहे, मी भरून घेतलं. शब्द तयार होते, जिभेला त्यांचं वजन लागत होतं. स्वामी म्हणाले, दिवस कलला, आवरा. तोंड मिटलं.

वैजनाथनं सदरा काढून बांधावर टाकला आणि खड्ड्यात उतरला. हातानं एकेक तुकडा वेचून वर द्यायला लागला, तारा ओढून काढायला लागला, दंडाला लागलं तरी. मग वर आला, घमेलं घेऊन आपल्या शेताच्या वरच्या कडेला गेला, जिथं अजून थोडी सुकी माती उरली होती, ती भरून आणली. त्याच्या मागं चार, मग दहा माणसं. घमेली हातोहात वर चढत होती, खालची माती वरच्या खड्ड्यात, तळाला, कडांना. मन्मथनंही एक घमेलं उचललं. शेजारच्या पोरगेल्या माणसानं ते त्याच्या हातातून काढून घेतलं, अगदी आदरानं. "ऱ्हाऊ द्या अण्णा, बूट खराब हुतील. तुमी पाव्हने." आणि त्याच्या हातात बेलाच्या पानांचं ताट दिलं. ते धरून तो उभा राहिला. काकूला विमानातून, फुलांनी सजवलेल्या डोलीतून, उतरवलं, आत बसवलं, पूर्वेकडे तोंड करून. काकांची समाधी खाली, बांधापलीकडे, पाठीमागं राहिली. उजवा हात, डावा हात, काही जमलं नाही. विभूती, बेल, मग माती. तिच्याच शेतातली.

फोन वाजला तेव्हा मन्मथ जिन्यात होता, वरच्या मजल्याच्या अर्ध्या वाटेवर. वैजनाथ.

"दादा, जेवलास का?"

"नाही अजून. बोल."

"अव्वाच्या समाधीला वटा बांधावा म्हनतो. जागा तुझी हाय म्हनून ईचारलं."

"तुझीच आहे ती, वैजू."

"तसं कसं. सात-बारावर तूच हायस की." तो हसला. जिन्यात कुठल्या तरी घरातल्या फोडणीचा वास येत होता. मन्मथनं कठडा धरला. "वैजू, ती चर. यंदा काढतो मी. पाडव्याच्या आत. इकडून पोकलेन घेऊनच येतो."

पलीकडून मोटरीचा आवाज येत राहिला. मग वैजनाथ म्हणाला, "कुठून काढतोस दादा? चर वड्याकडंच जायाची. तिथं अव्वा हाय."

मन्मथला हे सुचलं नव्हतं. ताट धरून उभा असताना नाही, परतीच्या एस्टीत नाही, तीन रात्री छताकडे बघताना नाही. चर तिथूनच. बाकीच्या बाजूंना दुसऱ्यांची शेतं. "मग वळवून—" तो म्हणाला.

"ऱ्हाऊ दे रे. औंदा म्या भात लावून बघतो म्हनलं. कोकनावानी!" वैजनाथ मोठ्यानं हसला, मागं त्याच्या बायकोला सांगितलं, दादाला म्हनतो भात लावतो, आणि तीही हसली. त्या हसण्यात टोमणा असता तर मन्मथनं तो घेतला असता, दोन्ही हातांनी. नव्हता. "बरं, ठिवतो. वयनीला नमस्कार सांग. अन् मन लहान करू नको दादा. तू जागा दिलीस म्हनून कोरड्यात गेली अव्वा. न्हाई तर काय केलं असतं आमी?"

पायरीवर बसावंसं वाटलं, पण कुणी तरी वरून उतरत होतं, म्हणून तो चढला आणि बेल दाबली. दार लुंबिनीनं उघडलं. वरच्या घरातली मुलगी, कॉलेजात शिकवते, हाताला पीठ लागलेलं. तिनं त्याच्याकडे बघितलं आणि तो काही बोलायच्या आत म्हणाली, "काका, पाणी येतंय ना तुमच्याकडे? अय्यो. सॉरी हो काका. कालच कळलं आम्हाला, न्हाणीच्या कोपऱ्याची फरशी बसलीय. मी बाबांना म्हटलंच, मन्मथकाकांना तोंड दाखवायची लाज वाटते. उद्या फोडतोय आम्ही सगळं. जे निघेल ते निघेल." किती सोपं. पीठ लागलेल्या हातानं, दारातच उभं राहून, एका दमात. मन्मथ तिच्याकडे बघत राहिला. इतका की ती जराशी मागं सरली. "नाही, नाही," तो म्हणाला, "थेंबभर आहे. घाई नाही काही. मी सहज आलो होतो." "या ना मग, चहा घ्या." "नको. पुन्हा कधी."

"बोललास?" शिल्पानं विचारलं.

"हो."

"काय म्हणाले?"

"उद्या फोडणार आहेत."

"बघ. बोलल्याशिवाय होत नाही काही." तिनं ताट वाढलं. तो पाणी घ्यायला माठाकडे गेला, गॅसच्या ओट्यासमोर थांबला. फरशी कोरडी दिसत होती. त्यानं तिच्यावर पाय ठेवला आणि पाणी वर आलं, कोमट, बोटांच्या बेचक्यांत शिरलं. त्यानं पाय काढला नाही. शिल्पा म्हणाली, जेवण गार होतंय.

यंदाच्या येळवशीला, मन्मथ दुकानात भिंगं पुसत बसला होता तेव्हा, त्याच्या वरच्या तुकड्यात आंबील शिवकांताकाकूनं शिंपडली होती. चिखलातून बांध चढून गेली होती.